तुरुंगाची पानं भरलेली, मंत्रालयाची मोजकी: मराठी राजकीय आत्मचरित्रांचा आढावा

यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' १९८४ साली प्रकाशित झालं आणि त्यातली हकिगत १९४६पाशी संपली. देवराष्ट्र्याचं आजोळ, कराडचं टिळक हायस्कूल, वडिलांच्या मागे आईने ओढलेला संसार, झेंडा लावल्याबद्दल झालेला तुरुंगवास, बेचाळीसची भूमिगत चळवळ, लग्नानंतर काही महिन्यांतच वेणूताईंना झालेली अटक. हे सगळं यशवंतरावांनी इतकं नितळ लिहिलं आहे की, मराठीतल्या पहिल्या प्रतीच्या आत्मचरित्रांत या पुस्तकाची गणना होते. मुंबई सरकारात संसदीय सचिव म्हणून रुजू व्हायला ते कराडहून निघतात आणि पुस्तक थांबतं. मुंबईच्या आणि दिल्लीच्या काळावर आणखी दोन भाग लिहायचे त्यांच्या मनात होते. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ते गेले.

महाराष्ट्राचं नुकसान किती झालं, हे त्या पुढच्या अडतीस वर्षांकडे पाहिलं की कळतं. द्विभाषिक मुंबई राज्य, संयुक्त महाराष्ट्र, १ मे १९६०चा मंगलकलश, चीन युद्धानंतरचं संरक्षण खातं, मग गृह, अर्थ, परराष्ट्र, काँग्रेसची फूट, आणीबाणी. यातल्या प्रत्येक वळणावर यशवंतराव निर्णयाच्या खोलीत होते, आणि त्यांच्या आत्मचरित्रात त्या खोलीचं दार उघडतच नाही.

'कृष्णाकाठ' मृत्यूमुळे अर्धं राहिलं. पण मराठी राजकीय आत्मचरित्रांचं कपाट एकत्र चाळलं तर हीच रचना पुन्हा पुन्हा भेटते. बालपण आणि चळवळ भरभरून येते, तुरुंग तर फारच भरभरून येतो आणि सत्तेची वर्षं येईपर्यंत लेखणी जपून चालू लागते. राज्य कसं मिळवलं हे मराठी नेत्यांनी मन लावून सांगितलं आहे. ते कसं चालवलं, हे समजायला मात्र वाचकाला इतरांच्या पुस्तकांकडे जावं लागतं.

तुरुंगाची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात टिळक आणि आगरकरांना १८८२ साली शिक्षा झाली. ती भोगून आल्यावर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' लिहिलं. पंचविशीतल्या दोन तरुणांचा तो कारावास मराठी राजकीय आठवणींच्या अगदी आरंभी उभा आहे. त्यानंतर १९२७ साली सावरकरांचं 'माझी जन्मठेप' आलं. अंदमानातला कोलू, दंडाबेडी, राजबंद्यांचे संप आणि कोठडीतला दिनक्रम यांचं इतकं तपशीलवार वर्णन मराठी वाचकाने आधी वाचलं नव्हतं.

गोव्याच्या मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे १९५५ साली पोर्तुगीजांच्या हाती लागले. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला, तरी ते लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात होते. त्यांची सुटका झाली जानेवारी १९६९मध्ये. जो प्रदेश स्वतंत्र करण्यासाठी शिक्षा झाली तो स्वतंत्र झाल्यावरही सात वर्षं कोठडीत काढलेल्या माणसाचं 'सतीचे वाण' मराठीत आहे. महाराष्ट्रात ते याहून कितीतरी जास्त वाचलं जायला हवं. आणीबाणीने या परंपरेत नवी भर घातली. कुमार सप्तर्षींचं 'येरवडा विद्यापीठातील दिवस' वाचताना समाजवादी, संघाचे स्वयंसेवक आणि इतर राजबंदी एकाच आवारात कसे राहत होते, काय वाचत होते आणि कशावरून भांडत होते ते कळतं. अगदी अलीकडे, मे २०२५मध्ये, संजय राऊतांचं 'नरकातला स्वर्ग' आलं. २०२२ साली आर्थर रोडच्या तुरुंगात त्यांनी काढलेले सुमारे शंभर दिवस हा त्याचा विषय.

तुरुंग लिहिता करतो याला कारणं आहेत. तिथे वेळ असतो, गर्दी नसते, रोजचे निर्णय घ्यायचे नसतात. शिवाय तिथे लिहिणारा अन्यायाच्या बाजूला नसून अन्याय सोसणाऱ्याच्या बाजूला असतो. त्यामुळे लपवण्यासारखं थोडं आणि सांगण्यासारखं पुष्कळ असतं. मंत्र्याची परिस्थिती उलटी. त्याने घेतलेल्या निर्णयाचा कुणाला तरी फटका बसलेला असतो. त्याच्यासोबत बसलेले सहकारी अजून राजकारणात असतात. गोपनीयतेची शपथ असते आणि पुढच्या निवडणुकीत मुलगा किंवा पुतण्या उभा राहणार असतो.

चळवळीतल्या माणसांनी लिहिलेल्या पुस्तकांत गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' सर्वांत वेगळं ठरतं. ते १९७० साली आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. डहाणू, तलासरी, उंबरगाव भागातल्या वारल्यांची वेठबिगारी आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी हा त्या पुस्तकाचा गाभा. मे १९४५मध्ये झरी गावी जमलेल्या वारल्यांनी वेठीला नकार दिला, ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि त्यात माणसं मेली. गोदावरीबाई या सगळ्याच्या मध्यभागी होत्या. तरी पुस्तकाचा नायक त्यांनी वारल्यांना केलं. शीर्षकातला जागा होणारा माणूस लेखिका नव्हे. नेत्याने स्वतःबद्दल लिहिताना अनुयायांना चेहरे आणि आवाज कसे द्यावेत, याचा हा मराठीतला वस्तुपाठ आहे.

एस. एम. जोशींचं 'मी एस. एम.' १९८४चंच, म्हणजे 'कृष्णाकाठ'च्याच वर्षीचं. राष्ट्र सेवा दल, समाजवादी पक्ष, संयुक्त महाराष्ट्र समिती असा त्यातला प्रवास. ज्यांना सत्तेचं पद फारसं मिळालंच नाही, अशा माणसाचं ते कथन आहे. दोन समकालीन नेते, एक सत्तेच्या बाजूचा आणि एक आंदोलनाच्या बाजूचा, यांची आत्मचरित्रं एकाच वर्षी आली. पण ज्या संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर दोघे समोरासमोर उभे होते, त्यावर एकाचंच म्हणणं वाचकाच्या हाती लागलं.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा हीच या सगळ्या साहित्याची खरी कसोटी आहे, कारण त्यावर अनेक बाजूंनी लिहिलं गेलं. आचार्य अत्र्यांनी 'कऱ्हेचे पाणी'च्या खंडांत आणि त्याआधी 'मराठा'च्या अग्रलेखांत तो लढा उभा केला. अत्र्यांचं गद्य गर्जना करतं. त्यात शत्रू स्पष्ट दिसतात आणि सभांचा जोश कानात घुमतो. प्रबोधनकार ठाकऱ्यांच्या 'माझी जीवनगाथा'मध्ये ब्राह्मणेतर चळवळीपासून चालत आलेली वेगळी धग आहे. लालजी पेंडशांचं 'महाराष्ट्राचे महामंथन' डाव्या कार्यकर्त्याच्या नजरेतून समितीचा इतिहास सांगतं.

पलीकडच्या बाजूला मोरारजी देसाई आहेत. या लढ्यात गोळीबारात शंभरावर माणसं गेली. ते बहुतेक गोळीबार झाले तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी होते. 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' या आपल्या आत्मचरित्रात ते कायदा आणि सुव्यवस्थेच्या भाषेत स्वतःची बाजू मांडतात. मराठी वाचकाला ती पानं वाचताना त्रास होतो, पण ती वाचायलाच हवीत. गोळी चालवणाऱ्या सरकारच्या प्रमुखाला त्या दिवसांत काय दिसत होतं, ते दुसरीकडे कुठे सापडणार?

आणि या दोहोंच्या मध्ये चिंतामणराव देशमुख उभे आहेत. रोह्याजवळचा हा कोकणी माणूस रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि नंतर नेहरूंचा अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली राजीनामा दिला आणि लोकसभेत त्याची कारणं सांगितली. मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता मुंबईबद्दलचा निर्णय झाला, हा त्यांचा आक्षेप होता आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी न झाल्याचं शल्यही. 'द कोर्स ऑफ माय लाइफ' हे त्यांचं आत्मचरित्र १९७४ साली आलं. विशेष म्हणजे मोरारजींचे पहिले दोन खंडही त्याच वर्षीचे. अत्रे, मोरारजी आणि देशमुख ही तीन पुस्तकं टेबलावर शेजारी ठेवली की रस्ता, मुख्यमंत्र्याची कचेरी आणि दिल्लीचं मंत्रिमंडळ एकाच काळात दिसू लागतात. एकट्या कुठल्याही पुस्तकाला हे चित्र दाखवता येत नाही.

सत्तेच्या आतून लिहिणारे मराठी नेते अगदीच नव्हते असं नाही. काकासाहेब गाडगीळांचं 'पथिक' आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात ते होते. त्या अनुभवावरचं त्यांचं 'गव्हर्नमेंट फ्रॉम इनसाइड' त्यांच्या मृत्यूनंतर, १९६८ साली आलं. सरदार पटेलांबरोबर नोव्हेंबर १९४७मध्ये ते जुनागढला गेले होते आणि सोमनाथच्या जीर्णोद्धाराचा निर्णय त्यांनी जवळून पाहिला होता. नेहरू आणि पटेल यांच्यातला ताण मंत्रिमंडळाच्या बैठकीत कसा दिसे, हे सांगणारा साक्षीदार म्हणून अभ्यासक आजही त्यांच्याकडे वळतात.

अलीकडच्या काळातलं सर्वांत चर्चित पुस्तक अर्थात शरद पवारांचं 'लोक माझे सांगाती'. राजहंस प्रकाशनाने ते २०१५ साली काढलं. पंचाहत्तरीतला नेता सक्रिय राजकारणात असताना आत्मचरित्र लिहितो, याचे फायदे-तोटे दोन्ही त्यात दिसतात. १९७८ साली वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री होणं, १९९१ची दिल्लीतली पंतप्रधानपदाची चुरस, १९९३चा किल्लारीचा भूकंप, १९९९ची काँग्रेसमधली फूट, सगळं त्यात येतं. प्रशासनाबद्दलची पानं भरीव आहेत. मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या दिवशी, दंगल भडकू नये म्हणून, मुस्लिम वस्तीतही एक स्फोट झाल्याचं त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं. ही हकिगत त्यांनी श्रीकृष्ण आयोगापुढेही मांडली होती. संकटाच्या तासांत राज्याचा प्रमुख कसा विचार करतो, याचा असा दाखला मराठीत विरळा.

पण १९७८च्या पानांवर वाचकाने सावध राहावं. तिथे एकाच बाजूचा साक्षीदार बोलतो आहे आणि तो एकूण चार वेळा मुख्यमंत्रिपदावर बसलेला माणूस आहे. वसंतदादांबरोबर राहिलेल्यांच्या आठवणी त्यासोबत वाचल्याशिवाय निकाल देऊ नये. या पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती २ मे २०२३ रोजी मुंबईत यशवंतराव चव्हाण केंद्रात प्रकाशित झाली. त्यात २०१९चा पहाटेचा शपथविधी, महाविकास आघाडीची जुळणी आणि उद्धव ठाकऱ्यांच्या कारभारावरचे आक्षेप होते. त्याच समारंभात पवारांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि तीन दिवसांनी निर्णय मागे घेतला. आत्मचरित्राचं प्रकाशन हीच एक राजकीय घटना झाल्याचं महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिलं.

साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या नेत्यांनी लिहिलेली पुस्तकं साहित्यिक चर्चेत क्वचित येतात. ही उपेक्षा थांबायला हवी. बाळासाहेब विखे पाटलांचं 'देह वेचावा कारणी' त्यांच्या मृत्यूनंतर, ऑक्टोबर २०२०मध्ये, आलं. संगमनेरच्या भाऊसाहेब थोरातांचं 'अमृतमंथन' आहे. अशा पुस्तकांत ऊस, पाटाचं पाणी, धरणाची आवर्तनं, भागभांडवल, कर्जवसुली, कारखान्याच्या निवडणुका आणि शिक्षणसंस्था यांची गोष्ट असते. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून उभं राहिलेलं ग्रामीण सत्तेचं जाळं समजून घ्यायचं असेल, तर विधिमंडळातल्या भाषणांपेक्षा या पानांचा उपयोग अधिक होतो. अर्थात कारखान्याच्या सभासदाने आणि ऊसतोडणी मजुराने लिहिलेलं दुसरं टोक शेजारी असेल तरच ते चित्र पुरं होतं.

नेते जिथे गप्प राहिले तिथे इतरांनी बोलायला सुरुवात केली. राम प्रधान हे यशवंतरावांचे संरक्षण मंत्रालयातले खासगी सचिव. त्यांनी १९९९ साली 'डिबेकल टू रिव्हायव्हल' लिहिलं आणि नंतर यशवंतरावांच्या दैनंदिनीवर आधारलेलं १९६५च्या युद्धावरचं पुस्तक. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले आणि हवाई दल वापरण्याची परवानगी यशवंतरावांनी अगदी थोडक्या वेळात दिली. तो प्रसंग आपल्याला त्यांच्याच नोंदींतून कळतो. परदेश दौऱ्यांवरून वेणूताईंना लिहिलेली त्यांची पत्रं 'विदेश दर्शन' म्हणून पुस्तकरूपात आली. म्हणजे यशवंतरावांच्या न लिहिलेल्या खंडांचे काही तुकडे मिळतात, पण ते सचिवाने जपलेल्या वहीत आणि पत्नीला धाडलेल्या पाकिटांत.

माधव गोडबोल्यांचं 'अपुरा डाव' याच जातीचं. ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा ते केंद्रीय गृहसचिव होते आणि गृहमंत्री होते शंकरराव चव्हाण. उत्तर प्रदेशचा कारभार केंद्राने हाती घ्यायचा झाल्यास काय करावं, याची योजना गृहमंत्रालयाने आधीच तयार केली होती आणि ती वापरली गेली नाही. गोडबोल्यांनी हे स्पष्ट लिहिलं. त्यांनी १९९३ साली स्वेच्छेने नोकरी सोडली होती. पदाची अपेक्षा उरली नाही की माणूस किती मोकळा लिहू शकतो, याचं हे उदाहरण.

सचिवांच्याही आधी बोलल्या त्या घरातल्या स्त्रिया. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली आलं. न्यायमूर्तींना जाऊन नऊ वर्षं झाली होती. प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची. सुधारकांचा हा अग्रणी घरात वडिलधाऱ्यांपुढे का नमत असे, पुण्यातल्या गाजलेल्या चहाच्या प्रकरणानंतर त्याने प्रायश्चित्त का घेतलं, हे त्याच्या चरित्रकारांपेक्षा त्याच्या पत्नीने अधिक समंजसपणे उलगडलं. उषाताई डांग्यांच्या आठवणींत गिरणगावातली कामगार चळवळ आहे आणि एका मोठ्या कम्युनिस्ट पुढाऱ्याच्या घरची ओढाताणही.

सविता आंबेडकरांचं 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' १९९०चं. बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर त्यांच्यावर आरोपांचं जे वादळ उठलं, त्याला उत्तर द्यायला त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ घेतला. बाबासाहेबांच्या अखेरच्या आठ वर्षांतली दुखणी, औषधं, राज्यघटनेच्या कामाचा ताण आणि 'बुद्ध अँड हिज धम्म'चं लेखन यांची इतक्या जवळची नोंद दुसरीकडे नाही. त्याच्या एक वर्ष आधी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध केलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघरी गाठून त्यांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या. ज्या स्त्रियांनी आत्मचरित्र लिहिण्याची शक्यताच नव्हती, त्यांची साक्ष त्यामुळे उरली.

खुद्द बाबासाहेबांनी सलग आत्मचरित्र लिहिलं नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटंसं लेखन मात्र त्यांनी मागे ठेवलं. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली भावंडं मसूर स्टेशनावर उतरतात आणि जात कळताच बैलगाडी मिळेनाशी होते. बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या, परदेशात शिकून आलेल्या तरुणाला पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं जातं. मोजक्या पानांत एवढं सांगणारं राजकीय आत्मकथन भारतात क्वचित असेल. पुढचं काम चरित्रकारांनी उचललं. चांगदेव भवानराव खैरमोड्यांनी तरुणपणापासून कागद, पत्रं आणि कात्रणं जमवली, १९५२ साली चरित्राचा पहिला खंड काढला आणि १९७१ साली मृत्यू येईपर्यंत लिहीत राहिले. काही खंड त्यांच्या मागे छापले गेले. धनंजय कीर मुंबई महापालिकेत कारकुनी करता करता सावरकर आणि आंबेडकर या दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या माणसांची चरित्रं इंग्रजीत लिहून गेले. आंबेडकरांचं चरित्र १९५४चं, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतलं. विद्यापीठाचा आधार नसलेल्या दोन माणसांनी उभं केलेलं हे काम पाहिलं की आदर वाटतो.

टिळकांनीही आत्मचरित्र लिहिलं नाही. न. चिं. केळकरांचं त्रिखंडी चरित्र १९२३ ते १९२८ या काळात आलं. ते अनुयायाचं आणि 'केसरी'च्या संपादकाचं चरित्र होतं, आणि तसं वाचलं तर फार उपयोगी आहे. त्याच दशकात स. वि. बापटांनी 'लोकमान्य टिळक यांच्या आठवणी व आख्यायिका' तीन खंडांत जमवल्या. ज्यांना टिळक भेटले, ज्यांनी त्यांच्याशी वाद घातला, ज्यांनी त्यांना फक्त दुरून पाहिलं, अशा पुष्कळ माणसांच्या छोट्या छोट्या साक्षी त्यात आहेत. पुढे य. दि. फडक्यांनी 'शोध बाळ-गोपाळांचा'मध्ये टिळक आणि आगरकर यांच्यातला दुरावा कागदपत्रांच्या आधारे तपासला आणि दोघांपैकी कुणालाही देव्हाऱ्यात बसवलं नाही. मराठी राजकीय चरित्राचा दर्जा फडक्यांनी जिथे नेऊन ठेवला, तिथून पुढे जाणारं काम आज फार थोडं होतं. त्या जागी साठीचे गौरवग्रंथ आणि अमृतमहोत्सवी विशेषांक मात्र ढिगाने छापले जातात. त्यांत फोटो भरपूर असतात आणि मतभेद नसतात.

बापटांनी शंभर वर्षांपूर्वी वापरलेली पद्धत आजच्या महाराष्ट्राला तातडीने हवी आहे. पवारांच्या १९७८च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारातले तरुण आता ऐंशीच्या पुढे आहेत. १९९५च्या युती सरकारात मंत्री, सचिव, स्वीय सहायक म्हणून काम केलेली माणसं निवृत्त झाली आहेत. दुष्काळ, गिरणी संप, नामांतराचं आंदोलन, एन्रॉन, मुंबईच्या दंगली या प्रत्येक प्रश्नावर फायली कोणी हलवल्या, कुणाचा फोन आला, कुठला निर्णय रात्रीत बदलला, हे त्यांना ठाऊक आहे. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने 'महाराष्ट्राचे शिल्पकार' ही चरित्रमाला काढली आहे. तिच्या जोडीला विद्यापीठांनी या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवायला हव्यात. हवं तर काही भाग ठरावीक वर्षं बंद ठेवण्याची मुभा द्यावी, म्हणजे बोलणारा मोकळा बोलेल. नेत्यांच्या वारसांनी दैनंदिन्या आणि पत्रव्यवहार माळ्यावर न ठेवता अभिलेखागारात द्यावेत, आणि प्रकाशकांनी प्रत्येक राजकीय आत्मचरित्राला व्यक्तिनामांची सूची जोडावी. ही कामं फार खर्चाची नाहीत. ती पुढच्या दहा वर्षांत झाली, तर मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरची बरीच पानं भरता येतील.